सोमल आणि सोडे

मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
१८ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. सृष्टी हिला सूर्यभानचा आशीर्वाद.

दवाखान्यातून घरी येऊन मला आठवडा झाला. आलो तेव्हा तू घरात नव्हतीस. वाटलं, किराणा आणायला गेली असशील. दिवेलागण झाली तरी आली नाहीस, म्हणून रामला विचारलं. त्यानं संस्कृतीच्या पाटीवर 'माहेरी' एवढंच लिहिलं. कधी येणार म्हणून विचारलं, तर पाटी हातात घेतलीच नाही. तुझी सासू मला काय सांगायचं ते हातवाऱ्यांनी सांगते, आणि एवढं मोठं कारण हातवाऱ्यांत मावत नाही.

चिकलठाण्याच्या कारखान्यात प्रेसवर पत्रा ठोकण्यात माझी उमर गेली आणि त्यातच कान गेले, हे तुला ठाऊक आहे. डाव्या कानाशी येऊन ओरडलं तर थोडं कळतं. घरात तेवढा त्रास तूच घ्यायचीस. फोन माझ्या उपयोगाचा नाही, म्हणून हे पत्र. तुझ्या वडिलांचा पत्ता लग्नपत्रिकेवर सापडला.

पायाची आग थोडी कमी आहे. पण अजून चालताना तळव्याखाली कापूस ठेवल्यागत लागतं, जमीन कळत नाही. दवाखान्यात रोज कंबरेत इंजेक्शन द्यायचे. लई दुखायचं, अंगावर पुरळ उठायचं. कशाचं इंजेक्शन म्हणून विचारलं, तर रामनं 'ताकदीचं' असं लिहिलं.

सासू काही टाकून बोलली का? राम काही बोलला का? चार वर्षांची संस्कृती इथं ठेवून तू गेलीस, म्हणजे गोष्ट लहान नाही, एवढं मला कळतं. पोरगी दिवसभर खेळते आणि झोपायच्या वेळी तुझी ओढणी घेऊन बसते.

आपली ती गोष्ट घरात कुणाला कळलेली नाही. तू उरणहून सुक्या कोळंबीचे सोडे आणायचीस, डब्यातून नेऊन गल्लीतल्या गोजरबाईच्या चुलीवर कालवण करायचीस आणि मी स्टेशनाकडं फिरायला जातो म्हणून तिच्याकडं जेवून यायचो, हे आपल्या तिघांतच आहे. माळकऱ्याच्या घरात राहून तू ते पाळलंस. त्यावरून तुला कुणी बोललं असेल तर मला कळव.

उत्तर गोजरबाईच्या पत्त्यावर टाक. घरी टाकलंस तर माझ्या हातात येईल याचा भरवसा नाही.

तुझा सासरा,
सूर्यभान


उरण
२९ नोव्हेंबर २०२४

ती. मामांना सृष्टीचा नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. वडिलांनी वाचलं आणि म्हणाले, उत्तर देऊ नकोस, हे कागद उद्या पोलिसांत दाखवतील. तरी लिहिते आहे. पोलिसांना दाखवायचं असेल तर खुशाल दाखवा. जे त्यांना सांगितलं तेच इथं आहे.

कारण तुम्हाला ठाऊक नाही, असं तुम्ही लिहिलंत. मला ते खरं वाटत नाही. दवाखान्यात तुमच्या खाटेच्या एका बाजूला मी उभी होते, दुसऱ्या बाजूला हे आणि आत्या. ह्यांच्या हातात रिपोर्ट होता. तुमच्या लघवीत आर्सेनिक निघालं होतं, असायला पाहिजे त्याच्या कितीतरी पट. आर्सेनिक म्हणजे विष. ह्यांनी मला विचारलं, "बाबांना डब्यातून काय खायला घालतेस?"

मी म्हणाले, "काही नाही."

"गल्लीतल्यांनी बघितलंय. तू डबा घेऊन गोजरबाईकडं जातेस, मागून बाबा जातात."

"मग बाबांनाच विचारा ना."

"त्यांना ऐकू येत नाय, म्हणून तर तुझं फावलं," आत्या म्हणाल्या.

तेव्हा तुम्ही जागे होतात. माझ्याकडेच बघत होतात. मला वाटलं, तुम्ही आता बोलाल. कालवण होतं, एवढं एकच वाक्य हवं होतं. तुम्ही माझ्याकडे बघून हसलात आणि डोळे मिटून घेतले.

मी तुम्हाला शब्द दिला होता, म्हणून गप्प राहिले. तुम्ही कशासाठी गप्प राहिलात ते मला कळलं नाही.

दिवाळीच्या आधी ह्यांना चाकणला मिळत असलेल्या नोकरीवरून आमचं भांडण झालं होतं. हे म्हणाले होते, बाबांचे पाय असे असताना घर सोडता येत नाही. मी रागात म्हणाले होते, "मग कधीपर्यंत वाट बघायची?" ते वाक्य आत्यांनी चौकीतल्या माणसाला जसंच्या तसं सांगितलं. दवाखान्यानं पोलिसांना कळवलं होतं, विषाची केस कळवावीच लागते म्हणे. त्याच संध्याकाळी ह्यांनी मला गाडीत बसवून दिलं. संस्कृतीला घेऊ दिलं नाही.

तुमच्या इंजेक्शनांचं मात्र मला आज कळलं. ती ताकदीची नसावीत. विष काढायची असावीत.

ओढणी तिच्याकडेच राहू द्या.

सृष्टी


मुकुंदवाडी
८ डिसेंबर २०२४

चि. सौ. सृष्टीस आशीर्वाद.

तुझं पत्र गोजरबाईनं दिलं. तिच्या ओट्यावर बसूनच वाचलं. पुन्हा वाचलं. गोजरबाईनं चहा ठेवला होता, तो तसाच राहिला.

मी हसलो ते खरं आहे. तुम्ही तिघं बोलत होतात, तेव्हा मला वाटलं दवाखान्याच्या बिलाचं चाललंय. रामच्या हातात कागद, त्याचं तोंड उतरलेलं, तुझ्या डोळ्यात पाणी. मनात म्हटलं, पोरगी घाबरली आहे, तिला धीर द्यावा. म्हणून हसलो. बहिऱ्या माणसाला दुसरं काही देता येत नाही. तू त्याचा काय अर्थ घेतलास ते वाचून मला कसं झालं ते लिहीत नाही.

घरी येऊन रामला स्पष्ट विचारलं, "सृष्टीनं मला विष घातलं असं तुम्ही म्हणता का?" तो पाटीवर लिहायला लागला आणि अर्ध्यात पुसून टाकलं. मग कपाटातून रिपोर्ट काढून समोर ठेवला.

आर्सेनिक म्हणजे सोमल, हे मला माझ्या बापामुळं माहीत आहे. आमची मेंढरं सिल्लोडकडच्या माळावर असायची. लांडगा मागं लागला, की मेलेल्या मेंढरात सोमल भरून ते माळावर टाकायचे. दुसऱ्या दिवशी लांडगा कुठंतरी ओघळीत पडलेला सापडायचा. ते माझ्या अंगातून निघालं, असा कागद हातात आल्यावर मी बराच वेळ स्वतःच्या हातांकडं बघत बसलो.

मी रामला म्हणालो, "ती असं करणार नाही." तो म्हणाला, म्हणजे त्यानं लिहिलं, "मग डब्यात काय होतं?"

इथं मी चुकलो. मी 'शिरा' असं सांगितलं. गोड बंद केलंय म्हणून चोरून खायचो, असं म्हणालो.

का सांगितलं ते तुला कळलं पाहिजे. राम तीन वर्षांचा होता तेव्हा तापात गेल्यातच जमा होता. घाटी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मान हलवली होती. तेव्हा तुझ्या सासूनं आम्हा दोघांच्या नावानं माळ घालायचं देवाला कबूल केलं. पोरगा उठला. तिच्या लेखी तो त्या माळेवर जगला आहे, आणि आजही त्याला साधा खोकला झाला तरी तिचा हात आधी गळ्याकडं जातो. मी तिच्या पाठीमागं खातो हे कळलं, तर तिला वाटेल मी पोराच्या जिवावर उठलोय. उगाच समजूत म्हणून तिला सोडून देता येत नाही. मी तिला तीस वर्षं बघतोय.

दुसरी एक गोष्ट झाली आहे. मागच्या आठवड्यात पुन्हा लघवी तपासली. त्यात सोमल जवळजवळ नाहीच. डॉक्टर म्हणाले इंजेक्शनांचा गुण आला. तुझी सासू काय म्हणाली ते गोजरबाईनं माझ्या कानात ओरडून सांगितलं. "ती गेली अन् इख उतरलं." आता गल्लीतही तेच बोलतात. रामही मान हलवतो.

मला थोडा अवधी दे.

सूर्यभान


उरण
५ जानेवारी २०२५

ती. मामांना नमस्कार.

अवधी तुम्ही घेतलात, पण इकडे काही थांबलं नाही. चौकीतून फोन आला होता. त्यांनी गोजरबाईंना विचारलं, डब्यात काय असायचं. त्या बिचाऱ्या तुमचं गुपित राखायला म्हणाल्या, दशम्या. तुम्ही म्हणालात शिरा. मी म्हणाले, काही नाही. एका डब्याची तीन उत्तरं. फोनवरचा माणूस म्हणाला, "ताई, तुम्ही सगळे मिळून काय लपवताय?" ह्यांचाही निरोप आला की डॉक्टरांचं शेवटचं मत आलं की रीतसर तक्रार देणार, आणि पोरीचा विषय त्यानंतर.

त्या फोननंतर मला वेगळीच भीती वाटली. विष त्या सोड्यांतच असेल तर? मोरा बंदराच्या धक्क्यावर वाळवतात, समोर जहाजं उभी, पाण्यावर तेलाचा तवंग. म्हणजे घातलं मीच, फक्त मला ठाऊक नव्हतं. आम्ही घरात तेच खातो, पण आम्ही धडधाकट आणि तुम्ही साठीच्या पुढचे, गोळ्या खाणारे. दोन दिवस हे डोक्यात घेऊन फिरले. वडील कंटेनर यार्डात वॉचमन आहेत, त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी मलाच वेड्यात काढलं असतं. मग उरलेल्या सोड्यांची पिशवी घेऊन सरकारी दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण आहेत. त्यांना सगळं सांगितलं, शिऱ्यासकट.

त्यांनी आधी एकच विचारलं. "सासऱ्यांनी लघवी दिली त्याच्या आधी हे कधी खाल्लं होतं?"

मला आठवत होतं. तुम्हाला ॲडमिट केलं त्याच्या आदल्या दिवशी तुम्ही गोजरबाईंकडे जेवलात. पुन्हा वाढून घेतलंत.

"आणि तुम्ही निघून आल्यावर?"

"कोण करून घालणार?"

मग त्यांनी जे सांगितलं ते मी घरी येऊन लिहून काढलं, तसंच देते. समुद्राच्या पाण्यात आर्सेनिक थोडं असतंच. कोळंबी, खेकडे, मासे ते अंगात घेतात आणि त्याचं निराळंच काहीतरी बनवून साठवतात. ते माणसाच्या पोटात गेलं, तर अंगाला न लागता जसंच्या तसं लघवीतून निघून जातं, दोनतीन दिवसांत. ते मारत नाही. मारतं ते वेगळं, खडकातलं, बोअरच्या पाण्यातलं, उंदराच्या औषधातलं. तुमची जी तपासणी झाली, ती दोन्ही एकत्र मोजते. लांडग्याचं आणि कोळंबीचं एकाच तराजूत. सोडे म्हणजे वाळवलेली कोळंबी, पाणी उडालेलं, त्यामुळे त्यात ते आणखी दाट. म्हणून आकडा तेवढा चढला.

मी विचारलं, "म्हणजे समुद्रातलं काहीच बाधत नाही?"

त्या म्हणाल्या, "असं सरसकट नाही म्हणता येणार. काही शेवाळांत खरं विषारी असतं, आणि बाकीच्या काही प्रकारांवर अजून अभ्यास चाललाय. पण कोळंबी खाऊन पायाला मुंग्या येत नाहीत. पायाचं कारण दुसरं काहीतरी आहे, आणि आर्सेनिक दिसल्यावर ते शोधायचं राहून गेलंय."

आता तुमच्या लघवीत काही नाही, म्हणून आधी काय होतं ते सिद्ध करता येत नाही. एकच मार्ग आहे. तुम्ही तेच सोडे पुन्हा खायचे आणि दुसऱ्या दिवशी लघवी द्यायची. मुंबईच्या एका लॅबमध्ये दोन्ही प्रकार वेगवेगळे मोजून मिळतात. त्यांनी तुमच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहून दिली आहे, ती सोबत आहे. सोड्यांची पिशवी पार्सलनं पाठवली आहे. तीच पिशवी, तीच बाई, तोच धक्का.

तुम्हाला खायचं तर सगळ्यांसमोर खावं लागेल. मी त्यापलीकडे काही सांगत नाही. संस्कृती मला विसरायच्या आत काय ते करा.

सृष्टी


मुकुंदवाडी
१६ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. सृष्टीस आशीर्वाद.

उशीर झाला. रिपोर्ट हातात आल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

पार्सल आलं त्याच दिवशी तुझ्या सासूला सांगितलं. ती अंगणात ज्वारी निवडत होती. मी म्हणालो, "कस्तुरा, शिरा नव्हता. सोडे होते. वर्ष झालं मी खातोय. मीच सृष्टीला म्हणालो होतो की आण." तिनं वर बघितलं. मला वाटलं आरडाओरडा करेल. ती उठली, हात धुतले, आधी घरात जाऊन झोपलेल्या रामच्या कपाळाला हात लावून आली. रात्रपाळी करून आलेला होता तो. मग माझ्यासमोर बसली आणि माझ्या गळ्यातली माळ स्वतःच्या हातानं काढली. पाण्यानं धुतली आणि देवघरात नेऊन ठेवली. पुढं चार दिवस माझ्या ताटात ती वाढायची, पण माझ्याकडं बघायची नाही.

राम उठल्यावर त्याला चिठ्ठी दाखवली. त्यानं वाचली. पिशवी हातात घेतली, हुंगली आणि पाटीवर लिहिलं, 'तिनंच पाठवलंय. ह्यात काय कालवलं असेल कुणी सांगावं.'

मी म्हणालो, "अर्धी पिशवी डॉक्टरला दे. उरलेली तू धू. तूच शिजव. तुझ्या हाताखालून जाऊ दे."

आणि सृष्टी, त्यानं शिजवलं. गोजरबाईच्या घरी. त्याला कांदा चिरता येत नाही हे मला त्या दिवशी कळलं. गोजरबाई पाठीमागं उभी राहून सांगत होती तसं तो करत होता. तुझी सासू दारात बसली होती. आत आली नाही, पदर नाकाला लावला होता, पण उठूनही गेली नाही. रामनं ताट माझ्यापुढं ठेवलं आणि हात मागं घेतला नाही. ताटाची कड धरूनच राहिला. मी त्याचा हात बाजूला केला.

जेवलो. मीठ जास्त झालं होतं. तेवढा वेळ तिघंही माझ्या तोंडाकडं बघत होती, जसं काही मी आत्ताच खाली पडणार आहे. जेवून मी स्टेशनापर्यंत चालत गेलो आणि परत आलो. राम मागून येत होता, अंतर ठेवून.

आता रिपोर्ट. एकूण आर्सेनिक पुन्हा पहिल्याइतकंच चढलं. मारणारं आर्सेनिक वेगळं मोजलं, ते कुठल्याही माणसात असतं तेवढंच निघालं. सोड्यांतही तसंच. डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून रामला समजावलं. वर ते म्हणाले, "मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, पेशंट मासे खातो का. तुमच्या आई म्हणाल्या, आम्ही माळकरी आहोत. मी पुढं विचारलं नाही. मी कागदावर लिहून त्यांनाच विचारायला पाहिजे होतं." त्यांनी तसं मत लिहून दिलं. चौकीतल्या माणसानं ते घेतलं आणि रामला म्हणाला, कागद बंद झाला. तुलाही तिकडून कळवतील.

पायाचं कारण साधं निघालं. रक्तात बी-ट्वेल्व नावाचं जीवनसत्त्व नाहीच म्हणण्यासारखं. पित्ताच्या गोळ्या मी कारखान्यात होतो तेव्हापासून रोज खातो, त्यानं अन्नातलं अंगी लागत नाही म्हणे. आता त्याची इंजेक्शनं चालू आहेत. ही दुखत नाहीत. चप्पल पायात आहे की निसटली, ते बघितल्याशिवाय कळायला लागलं आहे.

तुझी दोन पत्रं मी तुझ्या सासूला वाचून दाखवली. तिनं दवाखान्यातला भाग पुन्हा वाचायला सांगितला. तू 'बाबांनाच विचारा' म्हणालीस तो.

दवाखान्यात मी त्याच वेळी बोलायला पाहिजे होतं, हे म्हणायला काही अर्थ नाही, मला ऐकूच आलं नव्हतं. पण डिसेंबरात ऐकू आलं होतं. तुझ्या पत्रातून सगळं कळलं होतं, आणि तरी मी शिरा म्हणालो. तो महिना माझ्या हातून गेला. तो तुझ्या पोरीच्या वाट्याचा होता.

राम तिकडं येतो म्हणतो. तुझी सासूही निघाली आहे. मी तिला जा म्हणालो नाही. तिचं तिनंच ठरवलं.

सूर्यभान


उरण
९ मार्च २०२५

ती. मामांना शिरसाष्टांग नमस्कार.

आत्या आणि हे संस्कृतीला घेऊन शुक्रवारी आले आणि काल परत गेले. तुमच्यापर्यंत काय पोचलं असेल ठाऊक नाही. हे पाटीवर किती लिहितात ते मला माहीत आहे, म्हणून मी लिहिते.

संस्कृती आधी माझ्याकडे आलीच नाही. ह्यांच्या पायामागे उभी राहून बघत होती. मी पण बोलावलं नाही. घरात जाऊन तिच्या आवडीचा भात टाकला. थोड्या वेळानं ती येऊन ओट्याशी उभी राहिली आणि म्हणाली, "इथं समुद्र कुठाय?" मी म्हणाले, जेवलीस की दाखवते. आता ती माझ्याजवळ झोपते. ओढणी घेऊन आली आहे.

वडील कामावरून आले, ह्यांना राम राम केला आणि बाहेर खाटेवर जाऊन बसले. आई त्यांच्या मागोमाग गेली. घरात आम्हीच उरलो. ह्यांनी रिपोर्टाची झेरॉक्स आणली होती, ती माझ्यासमोर ठेवली. मी हात लावला नाही. मग म्हणाले, "झालं ते झालं. कधी येतेस?" मी सणाला माहेरी आले होते आणि मुक्काम लांबला, अशा आवाजात.

मी म्हणाले, "एक विचारू?"

"विचार."

"रिपोर्ट असा आला नसता तर? लॅबनं नमुना हरवला असता, नाहीतर मामा पिशवी बघून घाबरले असते. मग मी कोण होते?"

ह्यांनी झेरॉक्सची घडी घातली, उलगडली, परत घातली. मग म्हणाले, "पण आला ना तसा."

मी म्हणाले, "मी ते विचारलं नाही."

तेव्हा आत्या बोलल्या. दाराशी बसल्या होत्या, आल्यापासून चूळसुद्धा भरली नव्हती. म्हणाल्या, "त्याला काय इचारती, मला इचार."

मी त्यांच्याकडे बघितलं.

"रिपोर्ट आला नसता तर म्या तुला सोडलं नसतं. जेलात धाडलं असतं. पोरीचं तोंड बघू दिलं नसतं. मला खरंच वाटत व्हतं, तूच दिलं म्हून. रोज वाटत व्हतं. तुझ्या नावानं म्या काय काय बोलले ते देवाला ठावं."

"आणि आता?"

"आता नाय वाटत." मग म्हणाल्या, "पण त्ये कागदानं नाय. त्यांचं ताट बघितलं तव्हा. तुझं गुपित नव्हतंच ते. त्यांचं व्हतं. अन् तू त्यांचं राखत व्हतीस, आमच्या शिव्या खात."

हे म्हणाले, "आई, जाऊ दे आता." त्या ह्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "का जाऊ दे? तुलाबी वाटत व्हतं. सांग की तिला."

ह्यांनी सांगितलं नाही. बाहेर जाऊन वडिलांजवळ बसले.

मग आत्यांनी पाणी मागितलं. आमच्या घरात सकाळीच बांगडे तळले होते, वास भरला होता, भांडीही तीच. मी म्हणाले, बाहेरून बाटली आणते. त्या म्हणाल्या, "घरात नाय का?" मी माठातलं तांब्याभर दिलं. त्यांनी वरून धार धरून घेतलं नाही, तोंड लावून प्यायल्या. तांब्या खाली ठेवला आणि संस्कृतीचे केस विंचरायला घेतले.

जाताना त्यांनी पोरीला इथंच ठेवलं. हे म्हणाले, "शाळेत नाव घालायचंय, तिला नेऊ या." आत्या म्हणाल्या, "ती आईजवळ ऱ्हाईल." माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "यावं वाटलं तर ये, नाय वाटलं तर नको येऊ. म्या बोलवायला परत यायची नाय." आणि स्टँडकडे चालू लागल्या. हे मागून पिशवी घेऊन गेले.

वडील म्हणतात, इतक्यात जाऊ नकोस. इथल्या बालवाडीत मदतनीस पाहिजे आहे, त्याबद्दल मी उद्या विचारायला जाणार आहे. नाव घालायचं ते कुठल्या शाळेत, हे जूनपर्यंत ठरवावं लागेल.

मामा, तुमच्यावर माझा राग नाही, आणि मुद्दाम धरूनही ठेवलेला नाही. डिसेंबरचा महिना तुम्ही स्वतःहून कबूल केलात, त्यानं माझं बरंच हलकं झालं. इंजेक्शनं मध्येच सोडू नका.

दोन रात्री मी एकच विचार करते आहे. आत्यांनी माझं वाईट चिंतलं आणि तोंडावर सांगितलं. त्यांच्याबरोबर मला एका घरात राहता येईल. ह्यांच्याबरोबर राहता येईल का, ते मला अजून कळलेलं नाही.

तुमची,
सृष्टी